सरासरी भूगोल

दहावीच्या परीक्षेत भूगोलाला अखेरचा मान असतो. भाषा झाल्या, गणित झाले, विज्ञानाचा धसका ओसरला, मुलांच्या डोक्यात सुटी आणि पालकांच्या डोक्यात अकरावीचा क्लास शिरला, की चाळीस गुणांचा आणि दोन तासांचा हा पेपर येतो. तोही इतिहास-राज्यशास्त्राच्या सोबतीने, कारण एकट्या भूगोलाला गुणपत्रिकेत स्वतंत्र रकाना द्यावा इतकी त्याची पत नाही.

२०२० साली तर त्याला तेवढाही मान मिळाला नाही. २३ मार्चला होणारा पेपर करोनामुळे आधी पुढे ढकलला गेला, मग रद्दच झाला. गुण द्यायचे कसे? मंडळाने बाकीच्या विषयांची सरासरी काढली आणि ती भूगोलाच्या नावावर जमा केली. राज्यातल्या सुमारे १७ लाख मुलांना असा बसल्या जागी भूगोल आला. ॲमेझॉन कुठून कुठे वाहते, हे बीजगणिताने आणि मराठी व्याकरणाने परस्पर ठरवून टाकले.

लोकांना त्याचे हसू आले. का, ते आम्हाला कळले नाही. महाराष्ट्र आपला भूगोल पूर्वीपासून सरासरीनेच सोडवत आला आहे.

२६ जुलै २००५ आठवा. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. सरासरी काढली तर ५०९. एवढा पाऊस दोन्हीकडे पडला नव्हता, पण आकडा कसा समंजस वाटतो! सातारा जिल्ह्याचेही तसेच. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जिल्ह्याचा तक्ता पाहिला तर माणदेशी माणसाने टँकरच्या रांगेत उभे राहणे हा निव्वळ आगाऊपणा ठरतो. अतिवृष्टीची भरपाई हवी, तर महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात एका दिवसात ६५ मिलिमीटर भरावे लागतात. ढगाने मंडळाचे ठिकाण सोडून तुमच्याच शिवारावर राग काढला, तर त्याला भूगोल येत नाही, एवढेच म्हणायचे.

शाळेत तरी वेगळे काय चालते? दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी बसवले आहेत. कल्पना उत्तम, तुलनेतून शिकावे. मुलगा ब्राझीलच्या ईशान्येचा अवर्षण चतुष्कोन झोपेतही सांगतो. आपल्या गावाचे पाणी भीमेला जाते की कृष्णेला, हे मात्र तो विचारत नाही, कारण ते ‘परीक्षेला नाही’. पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा. पुष्कळ शाळांत ही भेट वर्गात बसून, गाईड उघडून, एका तासात पार पडते. भेटीची प्रश्नावलीसुद्धा पाठ करतात. सहल वेगळी, ती वॉटरपार्कला जाते.

नकाशा भरताना सूची दिली नाही, तर गुण कापतात. हीच मुले मोठी होऊन शहरांचे आराखडे करतात. तिथे ओढा गाळला, नाल्यावर रस्ता काढला, पूररेषा सोयीने सरकवली, तरी अर्धा गुणसुद्धा जात नाही. मग २०१९च्या सप्टेंबरात पुण्याचा आंबिल ओढा रातोरात लोकांच्या घरांत शिरतो आणि शहाणी माणसे विचारतात, इथे ओढा होता? होता. नववी-दहावीत नदीच्या कार्यावर टीप लिहिणारे सगळेच त्याच्या काठी राहत होते.

अडचण एवढीच, की भूगोल विचारतो ‘कुठे?’ आणि सरासरी उत्तर देते ‘कुठेही’. दोघांचे पटायचे कसे?

कोणी सुचवेल, की हा पेपर पहिल्या दिवशी घ्या, शंभर गुणांचा करा, मुलांना नकाशा घेऊन आपल्या गल्लीत हिंडायला लावा. आमचा सक्त विरोध आहे. अशाने मुलांना भूगोल खरोखरच येईल. मग ती नगरसेवकाकडे वॉर्डाचा जुना नकाशा मागतील, टेकडी कोणी कोरली ते विचारतील आणि बिल्डरच्या ‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅटच्या माहितीपत्रकावर पेन्सिलीने पूररेषा आखून दाखवतील. मतदार यादीत नाव येण्याआधीच एवढे समजणारी पिढी कोणत्याही पक्षाला परवडणार नाही. त्यापेक्षा भूगोल शेवटी ठेवा, आणि जमल्यास दरवर्षी रद्द करा.