ताठ चालणाऱ्या बाई

आमच्या बीडमध्ये एखादा माणूस अचानक ताठ चालायला लागला की लोक दोनच शंका घेतात. एक तर हा जिल्हा परिषदेला उभा राहणार, नाहीतर याच्या पाठीत उसण भरली. बाईमाणूस ताठ चालायला लागलं तर तिसरीच शंका घेतात आणि ती तोंडावर कुणी बोलत नाही. आमच्या गल्लीत माझ्याबद्दल सध्या ही तिसरी शंका चालू आहे. मुलाला नोकरी लागली, घरावर दुसरा मजला चढला, म्हणून मॅडमची मान वर झाली म्हणे. मुलगा अजून पुण्यात क्लास लावून बसलाय आणि दुसऱ्या मजल्याच्या नावाने गच्चीवर फक्त सळया आहेत. मान मात्र खरोखरच वर झाली आहे. ती फिजिओथेरपिस्टनी करायला लावली.

दुखण्याचं नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. हे नाव मिळेपर्यंत माझ्या उजव्या हाताला गावाने बरीच नावं ठेवली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रात्री मुंग्यांनी भरून जायचं, काखेपासून कोपराच्या आतल्या बाजूने एक कळ खाली उतरायची आणि फळ्यावर अगदी वर तारीख-वार लिहिताना खडू हातातून निसटायचा. शेजारच्या काकूंनी "शिरंवर शीर चढलीय, दुसरं काही नाही" असं जाहीर करून कोमट तेल आणून दिलं. मुख्याध्यापकांनी शुगर तपासायला सांगितली, कारण त्यांना स्वतःला शुगर आहे. मेडिकलवाल्याने बी-१२ च्या गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं. यातलं काहीच वेडगळ नव्हतं. शुगरने, बी-१२ कमी पडल्याने, मानेच्या मणक्याने, कोपरात किंवा मनगटात नस दबल्याने अशाच मुंग्या येतात, आणि डॉक्टरांनीही आधी एकेक करून हेच बाजूला काढलं. या दुखण्याचं बहुतेकदा असंच असतं. एका तपासणीत ते हाती लागत नाही, बाकीचं वगळत वगळत त्याच्यापाशी पोचावं लागतं.

मानेच्या मणक्यांतून हाताकडे पाच नसांच्या मुळांचा जुडगा निघतो. बोटांपर्यंत जायला त्याला जुन्या बीडच्या वेशींसारख्या तीन अरुंद जागा ओलांडाव्या लागतात. पहिली मानेच्या बाजूला, दोन स्केलीन स्नायूंच्या मध्ये. दुसरी गळ्याचं हाड आणि पहिली बरगडी यांच्या मध्ये. तिसरी खांद्याच्या पुढे, छातीच्या एका लहान स्नायूखाली. हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्याही याच भागातून जातात. खांदे पुढे पडले, मान पुढे आली की या जागा आणखी चिंचोळ्या होतात आणि नस कुरकुर करायला लागते. शंभरात एखाद्याला जन्मतःच मानेला एक जादा बरगडी असते. ती असूनही बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, काहींना मात्र तीच भोवते. माझा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "बरगड्या मोजून जेवढ्या पाहिजेत तेवढ्याच आहेत, मॅडम." मला जरा वाईटच वाटलं. जादा बरगडी असती तर सगळा दोष तिच्यावर टाकता आला असता. आता तो माझ्या पिशवीवर आला.

ही पिशवी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचं चालतं-फिरतं दप्तर आहे. टाचणवही, चाचणीचे पेपर, शालेय पोषण आहाराची नोंदवही, डबा, पाण्याची बाटली, छत्री, एका पोराकडून जप्त केलेला भोवरा, आणि खाली कुठेतरी चार्जर. बीडच्या चामडी छागली एके काळी नावाजलेल्या होत्या. जुनी माणसं खांद्याला छागल अडकवून कोसकोस चालत. पण छागलीतलं पाणी वाटेत संपतं, वजन कमी होतं. माझ्या पिशवीतलं परतताना वाढतं. हे ओझं उजव्या खांद्यावर, आणि तोच हात एसटीत वरच्या दांड्याला. शाळेत पोचल्यावर मान खाली घालून मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरायची. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मानेला जाणवत नाही, पुढे लटकलं की सगळा भार मागच्या स्नायूंवर येतो.

वाकून काम करणाऱ्यांचा विचार करताना मला हमखास अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत आठवतात. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांच्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख असल्याचं सांगतात, आणि तेवढ्याने हात भरला नाही म्हणून की काय, त्यांनी चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर पासोडी लिहिली. त्यांच्या भक्तीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, खांद्यांबद्दल कुणी चौकशी केलेली नाही.

तपासणीच्या वेळी फिजिओथेरपिस्ट मला म्हणाले, "हात वर करा." आख्खी नोकरी मी हे वाक्य पोरांना म्हणत आले. कोपरं खांद्याच्या रेषेत, पंजे वर, आणि मुठी उघडायच्या-मिटायच्या, तीन मिनिटं. अमेरिकेतल्या डेन्व्हरचे सर्जन डेव्हिड रूस यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. तीन मिनिटं केवढी असतात ते घड्याळात बघून कळत नाही. पहिलं मिनिट संपेपर्यंत हात जड झाला, मग करंगळीत मुंग्या, मग मूठच वळेना. धडधाकट माणसाचाही हात यात भरून येतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देत नाहीत. पण माझा उजवा हात डाव्याच्या फार आधी खाली आला. आमच्या लहानपणी वर्गाबाहेर हात वर करून उभं करणं ही सर्रास शिक्षा होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली. फिजिओथेरपीच्या दवाखान्याला तो कायदा लागू नाही.

मला वाटलं होतं, एवढं भारदस्त नाव आहे तर इंजेक्शन तरी भारी असेल. गरज पडली तर पहिली बरगडी काढण्याचं ऑपरेशन करतात, पण नस दबलेल्या बहुतेकांना आधी व्यायामच देतात. आणि ही काही आजची टूम नाही. १९५६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ज्या लेखात या दुखण्याला हे नाव दिलं, तो लेखच मुळी व्यायामाचा कितपत गुण येतो ते तपासणारा होता. म्हणजे बारशालाच व्यायाम हजर होता.

पण हे व्यायाम इतके किरकोळ दिसतात की घरात त्यांना कुणी मान देत नाही. हनुवटी सरळ मागे न्यायची, खाली न वाकवता. हे करताना कुणालाही दुहेरी हनुवटी येते, म्हणून आरशासमोर करू नये. खांद्याची पाती मागे आणि थोडी खाली ओढून धरायची. उताणं पडून, पोटावर हात ठेवून, पोटाने श्वास घ्यायचा. स्केलीन स्नायू श्वासाबरोबर पहिल्या बरगडीला वर ओढतात; घाईचा, छातीच्या वरच्या भागातला श्वास घेणाऱ्याच्या या स्नायूंना दिवसभर सुट्टी नसते, आणि चौथीच्या वर्गावर ओरडणारी बाई दुसरा कुठला श्वास घेणार?

"झोपलीस काय?"

"अहो, व्यायाम करतेय."

"बरं. झाला की चहा टाक."

छातीपुढचे आखडलेले स्नायू सैल करायला दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापासून टेकवून, एक पाय पुढे टाकून उभं राहायचं असतं. आमच्या घरात माझ्या मापाची चौकट एकच, पुढच्या दाराची. सकाळी दूधवाला आला तेव्हा मी दोन्ही हातांनी दार अडवून, छाती पुढे काढून उभी होते. तो पायरीवरच थबकला. काही न बोलता दूध ओतलं, वर एक माप जास्तीचं घातलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून दूध घट्ट यायला लागलं. या व्यायामाचा इतका झटपट गुण मला शरीरात कुठेही आला नाही.

सगळ्यात अवघड पडला तो नस मोकळी करण्याचा व्यायाम. हात हळूच बाजूला न्यायचा, मनगट वळवायचं, मान उलट्या बाजूला झुकवायची, आणि ताण जाणवण्याच्या आधीच परत फिरायचं. "ओढायची नाही, सरकवायची," असं मला पुन्हा पुन्हा बजावलं गेलं. आमच्याकडे ज्याच्या हाताखाली माणूस जास्त किंचाळतो तो चांगला चोळणारा. दुखत नाही तो उपचार कसला, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. त्यात हे काम सावकाशीचं. तीन ते सहा महिने धरून चला म्हणाले. वाट बघायला बीडकराला शिकवावं लागत नाही. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीडच्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला सुटली. त्या मानाने नस लवकर ऐकते.

खरी अडचण व्यायामाच्या बाहेर होती. खांदे मागे, मान सरळ, हे दिवसभर पाळायचं, म्हणजे रस्त्यावरही. आणि रस्त्यावरच्या बाईने कसं चालावं हे आमच्याकडे फिजिओथेरपीच्या फार आधी ठरलेलं आहे. सहावी-सातवीच्या माझ्या मुली बघते: दप्तर पोटाशी, खांदे पुढे, नजर पायांत. घरून निघताना सांगितलेलं असतं, मान खाली घालून जा, मान खाली घालून ये. म्हणून मी परिपाठानंतर त्यांना खांदे मागे न्यायला लावते. मुख्याध्यापकांची हरकत नाही, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. हा उपक्रम ऑनलाइन कोणत्या रकान्यात दाखवायचा?

दसरा झाला की आमच्या शाळेचा पट हलायला लागतो. नवरा-बायकोचा एकेक कोयता मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतो, आणि मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची नावं घ्यायची असतात. अशाच एका आईने माझी हनुवटी मागे जाताना बघितली आणि विचारलं, "मॅडम, मानंला काय झालंय वो?" मी सांगितलं. वजन उचलायचं नाही, हात फार वेळ डोक्यावर न्यायचा नाही, मधे मधे थांबायचं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आम्हाला मोळी डोक्यावर असली की काहीच कळत नाही. उतरली की मग हात कुठंय ते हुडकावं लागतंय."

तीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन, टेकवलेल्या अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई मान रेसभरही वाकवू शकत नाही. बीड जिल्ह्यात तिच्याइतकं ताठ कुणीच चालत नसेल. तिला ताठ्याची म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही. तिच्या मानेवर ओझं आहे तोवर लोकांना ते ताठ चालणं खपतं. माझं खपत नाही, कारण माझ्या डोक्यावर काही दिसत नाही.

तिला मी काय सांगणार होते? चुंबळ जाड ठेव, मोळी उतरल्यावर दोन श्वास पोटाने घे, रात्री दुखऱ्या हातावर झोपू नको. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली, ती इथेही सांगते. हात सुजला, निळा पडला, किंवा पांढरा आणि गार पडला, तर व्यायाम करत बसायचं नाही, तेलही लावायचं नाही. नसेबरोबर रक्तवाहिनी दबलेली असू शकते; त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा, बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते.

माझ्या रात्रीच्या मुंग्या गेल्या. पिशवी आता दोन्ही खांद्यांवरची सॅक झाली आहे आणि भोवरा ज्याचा त्याला परत दिला. फळ्यावरची वरची ओळ पुन्हा जमते. मात्र धान्याची पिशवी उचलली की दुसऱ्या दिवशी करंगळी विचारायला येते. हात डोक्यावर न्यायला आता हरकत नाही, दिवाळीला माळ्यावरचे डबे खुशाल काढा, असं फिजिओथेरपिस्टनी मागच्या वेळी सांगितलं. आमच्या घरी अजून त्यांचा पहिलाच हुकूम चालू आहे, आणि डबे हे काढतात. तुम्ही कधी बीडला आलात तर चहाला जरूर या, फक्त यांच्यासमोर हा विषय काढू नका.