कॅमेरा चालू, आवाज बंद

कोर्टातल्या कर्मचाऱ्याने साहेबांपुढे आवाज चढवला तर ते गैरवर्तन. साहेबांनी कर्मचाऱ्यावर चढवला तर तो कामाचा ताण. आणि दोघांनी मिळून पक्षकारावर चढवला तर ते न्यायालयीन कामकाज. ही वर्गवारी कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नाही, पण तिची अंमलबजावणी इतकी चोख आहे की लिहिलेल्या नियमांनी हेवा करावा. लिहिलेला नियम बिचारा साधा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 म्हणतात की कर्मचाऱ्याने सचोटी राखावी, कर्तव्यात कसूर करू नये आणि शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारे काही करू नये. आता न शोभणारे म्हणजे काय? फाइल टेबलावर ठेवली की आपटली, हे टेबलापलीकडे कोण बसले आहे यावर ठरते. पक्षकार असेल तर ठेवली, साहेब असतील तर आपटली. असल्या मोघम शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच बोट ठेवले होते. प्रोजेक्ट अँड इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले, गैरवर्तन कशाला म्हणता ते आधी नियमात सांगा, मग शिक्षेचे बोला. पुढच्या काही निकालांनी हा आग्रह सैल केला, आणि मोघमपणाने सुटकेचा निःश्वास टाकला.

खरी गंमत कार्यपद्धतीत आहे. 1979 च्याच शिस्त व अपील नियमांत ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत सगळी उतरंड आहे. किरकोळ शिक्षेसाठी फारसा खटाटोप लागत नाही. कारणे दाखवा नोटीस निघते, लिपिक दोन पानी खुलासा देतो, 'खुलासा समाधानकारक नाही' असा शेरा पडतो आणि एक वेतनवाढ अडकते. स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व ज्या इमारतीत रोज वकील घसा फोडून सांगतात, तिथेच दुखावलेले साहेब आणि शिक्षा देणारे साहेब एकाच व्हरांड्यात बसतात. उलट दिशेने जाऊन पाहा. कनिष्ठ न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारींबाबत सरन्यायाधीशांच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. तक्रारीला प्रतिज्ञापत्र हवे आणि पडताळून पाहता येईल असा मजकूर हवा. खोट्या तक्रारींचा पाऊस थांबवायला हे ठीकच आहे. हरलेला पक्षकार काय लिहील याचा नेम नसतो. पण भर कोर्टात 'अक्कल आहे का' असे ऐकून घेतलेल्या शिपायाने पडताळण्याजोगे काय आणायचे? रोजनाम्यात 'अर्ज मंजूर, पुढील तारीख' एवढेच येते, सूर येत नाही. आणि प्रतिज्ञापत्र त्याच इमारतीत करायचे म्हटले, तर ते घेणारे सहायक अधीक्षक बहुधा त्याचेच वरिष्ठ.

यावर ठरलेले उत्तर असे की कर्मचारीही काही कमी नाहीत. नकलेसाठी आलेल्या म्हाताऱ्याला 'उद्या या' म्हणताना ते मानही वर करत नाहीत. अगदी मान्य. पण या 'उद्या या'बद्दल किती जणांची वेतनवाढ थांबते? उद्धटपणा वर गेला की त्याची फाइल होते, खाली गेला की त्याची सवय होते, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: न्यायाधीशाला लिपिकाच्या तक्रारीची धास्ती बसली तर न्यायालयीन स्वातंत्र्याचे काय? हे स्वातंत्र्य निकाल देण्याचे आहे; चहा गार आला म्हणून ओरडण्यालाही राज्यघटनेचे संरक्षण असल्याचे निदान कनिष्ठ न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण सांगणारे अनुच्छेद 235 वाचून तरी वाटत नाही. शिवाय 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यातले 16 वे कलम स्वच्छ सांगते की न्यायाधीशाकडूनही स्वतःच्याच न्यायालयाचा अवमान होऊ शकतो. हे कलम आपल्याकडे फार आदराने जपले आहे, म्हणजे वापरून मळवलेले नाही.

हे सारे शब्दांत पकडताच येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी फिलिपिन्सकडे पाहावे. तिथे कोर्ट कर्मचाऱ्यांसाठी 2004 पासून स्वतंत्र आचारसंहिता आहे. कर्तव्य बजावताना केलेला असभ्यपणा हा तिथल्या सरकारी सेवेत नाव घेऊन सांगितलेला हलका अपराध आहे: पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा तीस दिवसांपर्यंत निलंबन, तिसऱ्यांदा घरी. दोन लिपिकांची खडाजंगी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाते आणि त्यावर रीतसर निकालपत्र लिहिले जाते. हसू येते खरे. पण त्यांनी न्यायाधीश आणि कर्मचारी या दोघांची शिस्त एकाच नियमाखाली आणली, तिथे आपले हसू जरा आखडते.

आपल्याकडे पुराव्याचा प्रश्न सोडवायला कॅमेरे आले. मार्च 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यातल्या निदान दोन जिल्ह्यांत कोर्टात सीसीटीव्ही बसवायला सांगितले, मात्र ध्वनिमुद्रणाविना. आणि चित्रण माहितीच्या अधिकारात मिळणार नाही, उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणालाच मिळणार नाही, हेही त्याच आदेशात. म्हणजे त्या शिपायाने परवानगीसाठी अर्ज करावा, तो मंजूर व्हावा, आणि मग पडद्यावर दिसावे काय, तर साहेबांचे ओठ हलताहेत आणि शिपाई खाली मान घालून उभा आहे. चौकशी अधिकारी नोंद करतील: कर्मचाऱ्याने वरिष्ठांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, वर्तन समाधानकारक.