आप्पांचा खोकला

आप्पांना खोकला होतो तो वर्षातून पाच-सहा दिवसच. चतुर्थीच्या रात्री आरत्या आटोपून ओटीवर सतरंजी पडली की तो सुरू होतो आणि गौरी-गणपती पाण्यात गेले की थांबतो. मध्यंतरी आल्याचा चहा पाजा, काढा द्या, फरक पडत नाही. कारण हा खोकला घशाचा नसतो, बदामाचा असतो. एकदा खोकले की हातात बदामचा एक्का आहे. दोनदा खोकले की बदामची दश्शी आहे आणि ती वाचवण्याची जबाबदारी समोरच्या भिडूची आहे. तिसऱ्यांदा खोकले तर मात्र पाणी द्यावं, तो खरा ठसका असतो.

कोकणात ज्या घरी गणपती, त्या घरी हा माणूस बहुधा असतोच. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे भाऊ, कुठे तात्या, आमच्याकडे आप्पा. पोस्टातून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेला, आणि वर्षाचे उरलेले दिवस इतका सरळ की शेजाऱ्यांना त्याचा त्रास व्हावा. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले दोन रुपये परत करायला तो भर उन्हात पुन्हा तिठ्यापर्यंत जातो. देवळाचा हिशेब त्याच्याकडे असतो आणि त्यात आठ आण्यांचा घोळ झाला की सगळ्या वाडीची झोप उडते. हाच माणूस हातात पत्ते आले की सख्ख्या नातवाच्या ताटातला हात पळवतो आणि वर त्यालाच विचारतो, “तुझं लक्ष कुठे असतं रे?”

ज्यांचा मेंढीकोट शहरात सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चौघं बसतात, समोरासमोरचे भिडू. पाच-चार-चार करत तेरा-तेरा पानं वाटायची. दश्शी म्हणजे मेंढी. जास्त मेंढ्या ज्यांनी धरल्या त्यांचा डाव, चारही धरल्या तर समोरच्यांवर कोट. उतारीच्या रंगाचं पान हातात नसलं की पहिल्यांदा ज्या रंगानं कापाल तो हुकूम. पैसा कुठेच नाही. कोट लागलेल्याला पुढच्या वर्षीच्या चतुर्थीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं, एवढीच काय ती हार-जीत. त्यामुळे आप्पांची लबाडी ही संपूर्णपणे निःस्वार्थ आहे.

त्यांचं पहिलं साधन भाद्रपदातली हवा. बदामची उतारी असते, आप्पांच्या हातात बदामचं पान असतं, तरी ते खुशाल इस्पिकनं कापतात. चार हातांनी तेच बदाम बाहेर येतं तेव्हा ते पान डोळ्यांजवळ धरून म्हणतात, “अरे, हे मागच्याला चिकटलं होतं. दमट हवा.” कागदी पत्त्यांच्या काळात हे खपत होतं. मग मुंबईच्या पुतण्याने प्लास्टिकचे पत्ते आणले आणि हवामानाचा आधार गेला.

दुसरं साधन पितळी पानाचा डबा. चतुर्थीच्या आधी काकू तो चिंच लावून लखलखीत करतात. वाटायची पाळी आली की आप्पा डबा आपल्या मांडीसमोर घेतात आणि प्रत्येक पान त्याच्या झाकणावरून असं नेतात की खालची बाजू झाकणात दिसावी. परदेशातले पट्टीचे जुगारी यासाठी अंगठीत नाहीतर तंबाखूच्या चिलमीत इवलासा आरसा बसवून घेत. आप्पांचा आरसा देवापुढे उघडा मांडलेला असतो. पान खायच्या निमित्ताने दश्श्यांच्या पाठीवर चुन्याचं बोट लावायचंही त्यांनी करून पाहिलं. पण तिसऱ्या रात्रीपर्यंत बावन्नच्या बावन्न पानांवर चुना चढला आणि नंतर ते पत्ते मुलांना झब्बू खेळायला दिले.

पिसण्याबद्दल मात्र त्यांना मानलं पाहिजे, म्हणजे न पिसण्याबद्दल. बावन्न पानं नीट मिसळायला दोन गड्ड्या करून एकमेकींत फर्रकन घुसवण्याचा प्रकार साधारण सात वेळा करावा लागतो, असं पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बायर या गणितज्ञांनी 1992 साली दाखवलं. हा डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर पत्त्यांच्या करामती शिकत फिरला होता, त्यामुळे त्याला आतलं माहीत. आपल्याकडे पत्ते वरून खाली झुबके सोडत पिसतात, त्यात पानं फारच कमी हलतात. शिवाय मेंढीकोटात डाव संपला की एकेका रंगाचे चार-चार पत्ते थप्पीत एकत्र पडलेले असतात आणि वाटायचंही झुबक्यानंच. आप्पा हे गणित न शिकता जाणतात. दोनदा पिसतात, “पुरे, पत्ते फाटतील” म्हणतात आणि वाटायला घेतात. त्यांच्या वाटपात त्यांच्याच हाती एका रंगाची सात-आठ पानं आली तर ती गणपतीची कृपा असते.

त्या पुतण्याने एकदा त्यांना एका जुन्या अमेरिकन पुस्तकाबद्दल सांगितलं. 1902 साली शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस अशा टोपणनावाने ते छापलं गेलं. तळातलं पान वाटणं, पिसल्याचा नुसता देखावा करणं, काटलेले पत्ते पुन्हा होते तसे करणं, सगळं त्यात चित्रांसह दिलं आहे, आणि लेखक खरा कोण यावर अजून वाद चालू आहे. आप्पांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. शेवटी त्यांना एकच प्रश्न पडला, “एवढं सगळं येत होतं, तर खरं नाव का नाही घातलं?”

इथेच आप्पांचं आणि खऱ्या पत्तेचोराचं गोत्र वेगळं होतं. चोराचा सगळा जीव आपली कला कुणाला कळू नये यात असतो. आप्पांची लबाडी पकडली गेली नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही. रात्री एखादी चाल बेमालूम साधली की सकाळी चहाला ते अस्वस्थ असतात. कुणी विषय काढतं का पाहतात. नाहीच काढला तर स्वतःच, “काल त्या तिसऱ्या डावात किलवरची दश्शी कुठून आली, कुणाच्या लक्षात आलं का?” म्हणून सुरुवात करतात आणि घावनाच्या तुकड्यावर सगळं प्रात्यक्षिक करून दाखवतात. न पकडलेली लबाडी त्यांच्या लेखी वाया गेलेली असते.

पण त्यांची खरी इस्टेट म्हणजे खुणा. बदामाला छातीचा खोकला, हे सांगितलंच. चौकट असेल तर “दार ओढून घ्या रे, वारा येतोय.” इस्पिक असेल तर “पानाचा डबा सरकव.” किलवरच्या तीन पाकळ्या, म्हणून “उद्याच्या दूर्वा निवडून झाल्या का?” गणपतीच्या घरात यातलं एकही वाक्य संशयास्पद नाही, यात सगळं कौशल्य. अडचण एवढीच की ही वाक्यं इतरही लोक बोलतात. एकदा स्वयंपाकघरातून आत्यानं खरोखरच दूर्वांची चौकशी केली, आप्पांच्या भिडूने बिनदिक्कत किलवरची दश्शी उतरवली आणि कोट लागला. दुसऱ्या एका रात्री पावसाची झड ओटीपर्यंत आली, आप्पा “दार लावा, दार लावा” ओरडत राहिले आणि कुणी उठेना. भिडू हातातली चौकट चाचपत बसला आणि प्रतिस्पर्धी ती कशी कापायची याच्या विचारात. सतरंजी निथळली तेव्हा कुठे खुलासा झाला.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी ब्रिजमधली मोठमोठी प्रकरणं सांगितली. 1965 साली ब्यूनोस आयरिसच्या जागतिक स्पर्धेत टेरेन्स रीझ आणि बोरिस शापिरो या ब्रिटिश जोडीवर आरोप झाला की पानांमागे धरलेल्या बोटांवरून ते बदाम किती आहेत हे सांगतात. जागतिक संघटनेने दोषी धरलं, ब्रिटनमधल्या चौकशीने नंतर सोडून दिलं. आप्पा म्हणाले, “बोटं सगळ्यांना दिसतात. बावळट.” 1975 साली बर्म्युडात एका इटालियन जोडीचे पाय टेबलाखाली एकमेकांना लागताना दिसले. आप्पा म्हणाले, “मांडी घालून बसायला काय होतं?” मग मी 2013 च्या बालीवर आलो. दोघं जर्मन खेळाडू, दोघंही पेशाने डॉक्टर. कुठल्या रंगाची पानं कमी आहेत हे ते खोकल्यांच्या संख्येवरून एकमेकांना कळवत, त्यावर ज्येष्ठांचं जगज्जेतेपद मिळवलं आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतलं गेलं. आप्पा बराच वेळ गप्प बसले. आपली विद्या इतक्या लांब पोचल्याचं समाधान आणि ती अशी बदनाम झाल्याचं दुःख, दोन्ही चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी फार मार्मिक प्रश्न विचारला. “त्या दोघांत जावई कुणीच नव्हता?”

कारण आप्पा भिडू म्हणून नेहमी जावयाला घेतात. जावई मेंढीकोट बरा खेळतो असं नाही. पहिल्या वर्षी तर त्याला बदाम आणि इस्पिक यांतला फरक रंगावरूनच कळायचा. पण आपल्याकडे जावयाला रडीचा डाव खेळतोस असं म्हणण्याची सोय नाही. मुलाला म्हणता येतं, व्याह्यालासुद्धा हसत हसत म्हणता येतं. जावयाने पान लपवलं तर सगळ्या घराने ते चिकटलं होतं असं मानायचं असतं. ब्रिजवाल्यांनी भिडूंना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून टेबलावर तिरके पडदे लावले. आप्पांनी समोर जावईच बसवला आणि पडद्याआडून हवं ते केलं. बिचाऱ्याला उत्तरादाखल विसर्जनापर्यंत खोकावं लागतं आणि मुलगी आईजवळ तक्रार करते की माहेरची हवा ह्यांना मानवत नाही.

माणसं वाचण्याचाही आप्पांना भारी अभिमान. “पानं काय बघायची? माणसं बघावी,” हे त्यांचं ब्रीद. ज्याला चांगली पानं आली तो आधी गप्प होतो. पान आपटून टाकतो त्याच्या हातात आता काही उरलेलं नाही. नवीन पान उचलल्यावर जो लगेच भिडूकडे न बघण्याची काळजी घेतो त्याच्याकडे मेंढी आहे. हे सगळं खरं आहे, आणि पोकरवरच्या पुस्तकांतही थोड्या फरकाने हेच सांगतात की बळकट हाताचा माणूस दुबळेपणा पांघरतो आणि दुबळा छाती काढतो. टीव्हीवरचे पोकरवाले बघून पुतण्या एका रात्री काळा गॉगल लावून बसला. आप्पांनी आक्षेप घेतला नाही. उलट समईची वात थोडी पुढे केली आणि गॉगलच्या काचेतून त्याची पानं वाचून काढली.

मागच्या पडवीत पोरं पैशांवर तीन पत्ती लावतात तिथे मात्र आप्पा पाऊल टाकत नाहीत. पुतण्या वाद घालतो की कौशल्याच्या खेळाला 1887 च्या जुगार कायद्यातच सूट आहे, आणि सुप्रीम कोर्टाने 1968 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. आप्पा त्याला ऐकवतात की त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला नशिबाचा खेळ म्हटलंय. पण त्यांचा खरा मुद्दा कायद्याचा नाहीच. पैसा आला की लबाडीची चोरी होते, आणि चोरी त्यांना करता येत नाही. पैशाशिवायच्या लबाडीला मात्र ते थेट महाभारतातून आधार काढतात. धर्मराज वनवासात बृहदश्व ऋषींकडून फाशांची विद्या शिकला आणि पुढे कंक नाव घेऊन विराटाबरोबर फासे खेळत बसला, “म्हणजे शेवटी धर्मालाही शिकावं लागलंच ना?”

रात्री दोनच्या सुमाराला उद्याची डाळ भिजत घालून काकू येतात. “मला मेलीला कुठलं कळतंय,” म्हणत कुणा पेंगणाऱ्याच्या जागी बसतात. दर दोन हातांनी हुकूम कुठला म्हणून विचारतात. किलवरला फुली म्हणतात. पत्ते पिसत नाहीत, डब्याकडे बघत नाहीत, खोकत नाहीत. आणि आप्पांच्या मेंढ्या एकामागून एक पकडत जातात. आप्पा “दार लावा” म्हणाले की काकू न बघता “लावलंय” म्हणतात आणि चौकट कापतात. आप्पा ह्याला नशीब समजतात. गेल्या वर्षी मी मागे बसून पाहिलं, तर काकूंची नजर पानांवर नव्हतीच. आप्पांच्या हातात मेंढी आली की मांडीखालून डोकावणारा त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागतो. खोटं खोकले तर थांबतो.

आमच्याकडे दर्शनाला आलात तर रात्री पत्त्यांना जरूर बसा. आप्पांनी भिडू व्हायला बोलावलं तर व्हा, खोकायलाही हरकत नाही. फक्त ती अंगठ्याची गोष्ट त्यांच्या कानावर घालू नका. काकूंना वर्षातून तेवढी एकच करमणूक आहे.