फ्लॅट विकणे आहे, एजंट निवडणे आहे

प्रति,
कोथरूड परिसरातील समस्त इस्टेट एजंट, प्रॉपर्टी कन्सल्टंट आणि ‘मी ब्रोकर नाही हो, ओळखीत आहे म्हणून सांगतो’ म्हणणारे सद्गृहस्थ यांसी.

विषय : जुना टू बीएचके विकण्यासाठी आपणांपैकी एकाची निवड करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

सदर अर्जदाराचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही. विकायचा विचार त्याने फक्त वॉचमनच्या कानावर घातला होता. संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले. पहिल्या एजंटसाहेबांनी ९० लाख सांगितले, दुसऱ्यांनी ९५, तिसऱ्यांनी तर ‘एक कोटीच्या खाली बोलूच नका’ अशी तंबीच दिली.

आपला फ्लॅट कोटीचा आहे म्हणणारा माणूस कुठल्याही मालकाला सर्वांत अभ्यासू वाटतो. पण भाव सांगायला पैसे पडत नाहीत. एकदा चावी हातात आली की पंधरा दिवसांत ‘मार्केट थंड आहे’ आणि दोन महिन्यांत ‘पार्टी ८८ला तयार आहे, हातची घालवू नका’. म्हणून नम्र विनंती, की आकडा सांगताना सोबत इंडेक्स टू आणावा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर आसपासचे फ्लॅट कागदोपत्री कितीला गेले ते दिसते. आणि भाव कार्पेटवर की सुपर बिल्टअपवर, तेही त्याच दमात सांगावे.

आता दलालीचे. दोन्हीकडून एकेक टक्का, हा रिवाज अर्जदाराला मान्य आहे. त्याने फक्त हिशेब मांडून पाहिला. कोटीचा फ्लॅट ९२ लाखांना गेला तर अर्जदाराचे ८ लाख जातात आणि दोन्ही बाजू धरून एजंटसाहेबांचे १६ हजार. एवढ्यासाठी आणखी दोन महिने जिने चढण्यापेक्षा मालकाचेच मन वळवलेले बरे, असे कोणालाही वाटेल. यात कुणाच्या सचोटीवर शंका नाही, टक्केवारीच तशी बेतलेली आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्री तपासल्या. एजंटांनी स्वतःची घरे विकली तेव्हा ती इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त भावाने गेली आणि बाजारात साडेनऊ दिवस जास्त थांबली. अर्जदाराला ते साडेनऊ दिवस हवे आहेत.

कुणी तरी विचारील, ‘महारेरा आहे ना?’ आहे. एजंटांची नोंदणी २०१७पासून आहे आणि १ जानेवारी २०२४पासून प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन मिळवलेले प्रमाणपत्रही लागते. मात्र कायद्याची सक्ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. अर्जदाराची सोसायटी रेराच्या कितीतरी आधीची. तरीही ज्यांच्याकडे नंबर असेल त्यांनी तो व्हिजिटिंग कार्डावर छापलेला दाखवावा. परीक्षा दिलेला माणूस निदान शेअर सर्टिफिकेट मागायला विसरणार नाही.

सहा जणांना एकाच वेळी काम देण्याची सूचना अर्जदाराच्या मेहुण्यांनी केली होती. ती फेटाळण्यात आली आहे. शेजारच्या विंगमधला एक फ्लॅट पोर्टलवर चार वेगवेगळ्या भावांनी झळकतो आहे. चारही जाहिरातींत फोटो तोच, बाल्कनीत वाळत घातलेल्या टॉवेलसकट. पार्टी अर्थातच सर्वांत कमी आकड्यापासून बोलायला सुरुवात करते. म्हणून काम एकालाच मिळेल, तीन महिन्यांसाठी, लेखी. दलाली किती, ती विसार घेताना द्यायची की खरेदीखत नोंदल्यावर, आणि वर १८ टक्के जीएसटी लागणार का, हे सगळे त्याच कागदावर असावे. ‘ते बघू हो नंतर’ हे उत्तर अर्ज बाद ठरवण्यास पुरेसे समजले जाईल.

कळावे,
एक फ्लॅटधारक

ता. क. : पार्टी आणण्याआधी फोन करावा. दुपारी एक ते चार अर्जदाराच्या मातोश्री झोपतात. चारनंतर त्या जाग्या असतात आणि आलेल्या प्रत्येकाला संध्याकाळी पाणी येत नाही हे स्वतःहून सांगतात. एजंटसाहेबांनी कोणती वेळ निवडायची ते ठरवावे.