पाण्याचे ऑडिटर

दाजींना पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सबंध नोकरी त्यांनी बँकेच्या तपासणी खात्यात काढली. रत्नागिरीपासून गोंदियापर्यंतच्या शाखांत जाऊन दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल शाईची रेघ मारायची, हा त्यांचा छंद, आणि त्याचाच पगार. निवृत्तीनंतर पवना धरणाच्या बाजूला जागा घेतली, टुमदार बंगली बांधली आणि मुलगा मागे लागला म्हणून पुढ्यात स्विमिंग पूल खणला. २५ फूट लांब, १२ फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल. पाणी ३८ हजार लिटर. झोपेतून उठवून विचारलं तरी दाजी हा आकडा सांगतात. न उठवता विचारलं तरी सांगतात, असं ताई म्हणते.

ठेकेदाराने काम सोपवताना गोळ्यांची एक बादली हातात दिली. "काही नाही हो साहेब, आठवड्याला चार गोळ्या टाकायच्या आणि विसरून जायचं." विसरून जाणाऱ्यातले दाजी नव्हेत, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

पहिला महिनाभर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी निळ्याशार पाण्याचा फोटो यायचा. एप्रिलअखेर फोटो बंद पडले. मी ताईला फोन केला.

"हिरवा झालाय," ती आवाज खाली आणून म्हणाली. "पण तू विषय काढू नकोस. आंब्याची सावली पडते म्हणतात."

"रात्रीसुद्धा?"

"रात्री ते दिवाच लावत नाहीत."

विषय काढायची वेळच आली नाही. मी गेटातून आत पाऊल टाकलं आणि दाजींनी बचाव सुरू केला. "२०१६ चं रिओ ऑलिम्पिक आठवतं? डायव्हिंगचा तलाव एका रात्रीत हिरवा! कुणीतरी ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्यानं सगळा क्लोरीन मारून टाकला. ऑलिम्पिकवाल्यांचं हे झालं, तिथं आपण कोण?" मी पाण्यातल्या पहिल्या पायरीवरून बोट फिरवलं. बोटाला बुळबुळीत हिरवं शेवाळ लागलं. ते पुसायला दाजींनी स्वतःचा रुमाल पुढे केला. पुरावा नष्ट करायची घाई होती.

मग वही आली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, क्षारता, आणि शेवटी रुंद रकाना शेऱ्याचा. रोज सकाळी तपासणी. प्लास्टिकच्या डबीत शेजारी शेजारी दोन नळ्या. एकीत टाकलेल्या थेंबांनी पाणी पिवळं होतं, तो क्लोरीन, आणि दुसरीत लाल, तो पीएच. डबी आभाळाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि रंग बाजूच्या पट्टीशी ताडून बघायचा. इथे घरात दोन तट पडत. दाजींना पिवळा तिसऱ्या खणातला दिसे, ताईला दुसऱ्या. मतदान व्हायचं. एकदा गावात पाणी सोडणारा माणूस कामासाठी आला होता, त्यालाही मत द्यायला बोलावलं. तो हसायलाच लागला. "ही तर ओटी टेस्ट! मी रोज करतो की, टाकीत टीसीएल टाकल्यावर. पिवळं आलं म्हंजे पाणी बरं." दाजींचा चेहरा उतरला. एवढे पैसे मोजून आणलेली विद्या ग्रामपंचायतीत कधीपासून चालू होती.

पण दुसऱ्या नळीचा त्याला पत्ता नव्हता, आणि खरी गोम तिथेच होती. बोअरचं पाणी, पीएच ८.२. क्लोरीनचं असं आहे, की ७.५ पीएचला त्यातला निम्माच भाग शेवाळ आणि जंतू मारायच्या कामाचा असतो, ७.२ ला दोन तृतीयांश, आणि ८.२ ला जेमतेम सहावा हिस्सा. बाकीचा नुसता हजेरी लावतो. हे वाचल्यापासून दाजी माणसांबद्दलही "याचा पीएच जास्त आहे" असं बोलायला लागले.

पीएच उतरवायला ॲसिड. भर मे महिन्यात दाजी रेनकोट, गॉगल आणि कोविडच्या वेळचं फेसशील्ड अशा थाटात बादलीत ॲसिड कालवायला उभे राहिले. आधी पाणी, मग ॲसिड, उलट कधीच नाही, हे प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणून. उतरवलं ते जरा जास्तच उतरवलं. क्षारता ६० वर आली. हवी १०० च्या आसपास. ती चढवायला खाण्याचा सोडा लागतो, आणि हिशेब निघाला अडीच किलो. गावातल्या किराणावाल्यानं आयुष्यात कुणाला पन्नास ग्रॅमच्या वर सोडा दिला नव्हता.

"लगीन हाय का सायेब?"

"नाही. पुलासाठी हवाय."

त्यानं काही न बोलता होता नव्हता तेवढा बांधून दिला. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर पोचली की बँकेचे साहेब टाकीत भजी तळणार आहेत.

ब्लीचिंग पावडर अंधार पडल्यावरच पडायची, कारण नुसत्या क्लोरीनला ऊन लागलं की तासाभरात निम्म्याहून अधिक उडून जातो. गोळ्या आणि पावडर एकत्र आल्या तर पेट घेतात, ॲसिड आणि पावडर एकत्र आली तर विषारी वायू निघतो. म्हणून तिन्ही वेगवेगळ्या कपाटांत. इथवर ठीकच होतं, किंबहुना सर्वांनीच करावं असं. पण दाजींनी कपाटांना दोन-दोन कुलपं लावली आणि एकेक किल्ली ताईकडे दिली. बँकेच्या तिजोरीची जॉइंट कस्टडी! ताई रोज रात्री आठ वाजता मालिका सोडून किल्ली घेऊन हजर. सहीसुद्धा करायची.

एवढं करून पाणी तस्संच. अशा वेळी सल्लागार आपणहून उगवतात. नाशिकचे व्याही आले, द्राक्षबागायतदार. बोर्डो मिश्रण फवारण्यात हयात गेलेली. त्यांच्या पोतडीत प्रत्येक हिरव्या दुखण्याला एकच औषध, मोरचूद. तांब्यानं शेवाळ मरतं हे खोटं नाही. पण "मूठभर" म्हणताना त्यांनी स्वतःची मूठ धरली, ती पैलवानी. वर श्रद्धा दाखवायला स्वतःच तासभर डुंबले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी विहीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र मिशांना हिरवी झाक चढली होती. दाजींनी लगेच समजावलं, "घाबरू नका, हा क्लोरीन नव्हे. केस हिरवे होतात ते तांब्यामुळे." व्याह्यांना त्यातून फारसा दिलासा मिळालेला दिसला नाही. तळाला निळसर डाग पडले, ते आजही आहेत.

गुन्हेगार शेवटी सापडला तो बादलीत. पुण्याहून मागवलेल्या नव्या किटात एक उभी नळी होती, तळाशी काळा ठिपका. पाण्यात औषध मिसळून ते नळीत थोडं थोडं ओतायचं, वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. चांगल्या पाण्यात बरंच ओतावं लागतं. दाजींनी जेमतेम ओतायला सुरुवात केली आणि ठिपका गडप. सायन्युरिक ॲसिड शंभराच्या वर! हवं ३० ते ५०. ठेकेदाराच्या गोळ्यांत क्लोरीनबरोबर तेही असतं. उन्हापासून क्लोरीनला ते वाचवतं, पण क्लोरीन खर्च होतो आणि हे मागे साठतच राहतं. उडत नाही, गाळलं जात नाही. आणि साठलं की क्लोरीनला इतकं घट्ट धरून ठेवतं, की नळी पिवळी दाखवते आणि शेवाळ मजेत वाढतं. दाजींना हे कुणी समजावावं लागलं नाही. "खातं गोठवलंय," ते म्हणाले. "पासबुकात शिल्लक दिसते, पण काढायला गेलं तर पैसा मिळत नाही." इतक्या दिवसांनी प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. अफरातफर सापडली होती.

उपाय एकच, निम्मं पाणी काढून नवं भरणं. ताईनं तिथे पाय रोवला. "गावाला दिवसाआड पाणी येतं, आणि आपण टँकर मागवून हौदात ओतायचा? मला गावात तोंड दाखवायचंय." मला विचाराल तर त्या उन्हाळ्यातलं सर्वांत शहाणं वाक्य तेच होतं. दाजी गप्प बसले. सबंध मे-जून तो हिरवा हौद तसाच राहिला. त्यात बेडकांनी अंडी घातली, आणि त्यांचीही वहीत नोंद झाली. शेरा: "अनधिकृत."

जुलै लागताच दाजींनी बेडूक-पिलं बादलीनं ओढ्यात सोडली, निम्मं पाणी उपसलं आणि हौद आभाळाच्या स्वाधीन केला. मावळातला पाऊस; महिना पुरा व्हायच्या आत काठोकाठ. मग आठवडाभर क्लोरीनचा मारा, सकाळ-संध्याकाळ भिंतींना ब्रश, पंप चोवीस तास. पाणी हिरव्याचं पांढुरकं झालं तेव्हा ताई घाबरली. दाजी म्हणाले, मेलेलं शेवाळ आहे, फिल्टर धुत राहायचं. खरंच एका सकाळी तळाची फरशी दिसली, मोरचुदाच्या डागांसकट.

तेव्हापासून कुणी पाण्यात उतरलेलं दाजींना खपत नाही. नातवंडं टॉवेल घेऊन आली की काठावर झडती. "डोक्याला तेल आहे? आंघोळ केली? साबण नीट धुतला?" कुणी क्लोरीनचा वास येतो म्हटलं की ते उखडतात. वास क्लोरीनचा नसतोच म्हणे. क्लोरीन घामाशी नि लघवीशी झुंजून जे उरतं त्याचा असतो, तेव्हा वास कुणामुळे आला ते आधी सांगा. पोरं टॉवेल घेऊन परत जातात.

ऑगस्टमध्ये डेंग्यूच्या सर्वेक्षणाला आरोग्यसेविका आली, काखेत रजिस्टर. रजिस्टर पाहून दाजींना माहेरचं माणूस भेटल्यागत झालं. त्यांनी आपली वही पुढे केली; तिनं चाळलीही. मग बॅटरी मारून पाण्याच्या कडा बारकाईनं बघितल्या.

"अळ्या नाहीत," ती म्हणाली. दाजींनी तिच्याकडून वहीत सही घेतली.

तिच्या फॉर्मवर रांजण, बॅरल, टाकी, टायर, कुंडी असे रकाने होते. स्विमिंग पुलाचा नव्हता. थोडा विचार करून तिनं टाकीवर खूण केली.

"किती लिटरची, काका?"

"३८ हजार."

तिनं मान वर न करता लिहून घेतलं. "आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामी करायची, घासूनपुसून कोरडी करायची. आणि एरवी झाकण ठेवत जा."