मधला माणूस : घडीच्या कॅमेऱ्याची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अशा लोकांसाठी आहे, ज्यांच्या खिशात उत्तम फोटो काढणारा फोन आहे आणि तरीही ज्यांना सत्तर वर्षांपूर्वीचा, भाता असलेला, रोलचा कॅमेरा हवासा वाटू लागला आहे. यावर औषध नाही. पथ्य आहे, ते पायरीपायरीने खाली दिले आहे.

उदाहरणादाखल एकच कॅमेरा घेऊ : आग्फा आयसोलेट थ्री. १९५० च्या दशकातला, म्युनिकच्या कारखान्यातला. मिटला की जाड पोथीएवढा. बटण दाबले की पुढचे झाकण खाली पडते आणि भात्याच्या टोकाला बसलेली लेन्स बाहेर येते. रोल १२० चा, फोटो १२, प्रत्येक निगेटिव्ह नावाला सहा बाय सहा सेंटिमीटर. पट्टी लावून मोजले तर ५६ मिलिमीटर भरते, पण तेही ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून मोठे. आपल्याकडे घरोघरी असायचा तो आग्फा क्लिक थ्री आठवतो ना? रोल तोच, फोटोही तेवढेच. फरक इतकाच, की क्लिक थ्रीमध्ये चुकायला फारशी जागा नव्हती. इथे ऐसपैस आहे.

सगळ्यात मोठी जागा अशी : या कॅमेऱ्यात अंतर मोजणारा रेंजफाइंडर आहे, पण तो लेन्सला जोडलेला नाही. तो अंतर मोजतो आणि गप्प बसतो. लेन्सला त्याचा पत्ताच नसतो. एका घरात राहून एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ असतात, तसे हे दोघे. निरोप तुम्ही पोचवायचा. त्याच कंपनीच्या सुपर आयसोलेटमध्ये, झाइसच्या सुपर इकोंटामध्ये आणि तिच्यावरून रशियात बेतलेल्या मॉस्क्वामध्ये हे भाऊ बोलतात. म्हणून ते कॅमेरे महाग असतात आणि म्हणूनच तुम्ही आयसोलेट थ्री घेणार आहात.

पायरी पहिली : खरेदी

विकणारा म्हणेल, "एकदम वर्किंग आहे साहेब." त्याच्या परीने तो खोटे बोलत नसतो, बटण दाबल्यावर खट् असा आवाज येतो, एवढाच त्याचा अर्थ. घेण्यापूर्वी रोल कोणता लागतो ते पाहा. कोडॅकच्या बऱ्याच घडीच्या कॅमेऱ्यांना ६२० चा रोल लागतो. फिल्म तीच, रुंदी तीच, फक्त रीळ बारीक. आणि कोडॅकने तो रोल १९९५ साली बंद केला. माझा पहिला कॅमेरा ६२० चाच होता. तो आता शोकेसमध्ये असतो आणि पाहुणे त्याचे फार कौतुक करतात.

घरी कोणी किंमत विचारली, तर रोलची सांगावी.

पायरी दुसरी : भाता

रात्री खोलीतले दिवे घालवा, कॅमेऱ्याची पाठ उघडा, आत छोटा टॉर्च धरा आणि बाहेरून भात्याकडे पाहा. घड्यांच्या कोपऱ्यांत चांदणे दिसले, तर हरखून जाऊ नका. प्रत्येक चांदणी म्हणजे एक भोक, आणि प्रत्येक भोकाचा तुमच्या फोटोत एक पांढरा फराटा. आग्फाच्या त्या काळच्या भात्यांचे कोपरे आधी जातात, हे या छंदातल्या लोकांना पाठ असते.

नवा भाता बसवणे हा खरा उपाय. तोवर काळा फॅब्रिक पेंट बारीक ब्रशने दोन पातळ हात द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत कॅमेरा उघडाच ठेवावा. घाईने मिटला तर घड्या एकमेकींना चिकटतात. मी घाईने मिटला. आधी भोके चार होती. ओढून उघडल्यावर अकरा झाली.

पायरी तिसरी : हिरवे ग्रीस

आता लेन्सचे पुढचे कडे फिरवून पाहा. फिरत नसेल, तर कॅमेरा अस्सल आहे. आग्फाच्या त्या काळातल्या ग्रीसचा वर्षानुवर्षांनी हिरवा डिंक होतो आणि आटे जागच्या जागी जखडतात. कडे फिरत असेल, तर जास्त काळजी करा. कित्येकदा पुढची काच मधल्या काचेला चिकटून दोघी एकजीव झालेल्या असतात. तुम्हाला वाटते फोकस होतोय. प्रत्यक्षात दोघी मिळून भलत्याच आट्यांवर फिरत असतात.

उपाय दोन आहेत : हेअर ड्रायरची ऊब आणि लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचा एखादा थेंब. एका वेळी एकच. पेट्रोल वापरायचे तर खिडक्या उघड्या आणि ड्रायर दुसऱ्या खोलीत. तुम्ही आणि कॅमेरा दोघेही शाबूत राहावेत, असा या मार्गदर्शिकेचा हेतू आहे. थेंब टाका, दिवसभर थांबा, हलक्या हाताने फिरवून पाहा, पुन्हा थेंब टाका. चौथ्या-पाचव्या दिवशी कडे कुरकुरत हलेल. पक्कड आणावीशी वाटेल, आणू नका.

दोन्ही काचा सुट्या होतील, तो क्षण फार महत्त्वाचा. आटे ज्या जागी सुटले, तिथे पेन्सिलीने खूण करा. कारण हे आटे एकाहून अधिक ठिकाणी बसतात आणि चुकीच्या ठिकाणी बसले तरी काच लोण्यासारखी फिरते. मी खूण केली नाही, आनंदाने चहा प्यायला गेलो.

पायरी चौथी : अनंत शोधणे

लेन्सवर फुटांचे आकडे असतात आणि शेवटी आडवा आठ. तो अनंत. सुटलेली काच परत बसवली, की हा अनंत नेमका कुठे आहे ते नव्याने ठरवावे लागते.

कॅमेरा घेऊन गच्चीवर जा. पाठ उघडा आणि फिल्म जिथे टेकते, त्या पट्ट्यांवर बटर पेपर ताणून चिकटवा. शटर उघडे ठेवा, ॲपर्चर पूर्ण मोकळे करा आणि डोक्यावर काळे कापड घ्या. कागदावर उलटे जग दिसेल. घड्याळजीच्या भिंगातून बघत पुढची काच केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे फिरवा. मी अर्ध्या किलोमीटरवरचा मोबाइलचा टॉवर धरला होता. त्याच्या जाळीची एकेक सळी सुटी दिसली, तिथे हात थांबवला, आडवा आठ खुणेसमोर आणला आणि कड्यातले तीन चिमुकले स्क्रू आवळले. ज्या फोनला कंटाळून हा कॅमेरा घेतला, त्याच्याच टॉवरवर कॅमेऱ्याचा अनंत बेतावा लागला.

या पायरीवर शेजारी भेटतात. आमचे विचारते झाले, "कापडाखाली काय शोधताय?"

"अनंत."

"अनंतराव? ते गच्चीवर कशाला येतील, गुडघे गेलेत त्यांचे. दुसऱ्या मजल्यावर बघा."

पायरी पाचवी : शटर

शटर एका सेकंदावर लावून दाबा. घड्याळासारखी घरघर होऊन ते एका सेकंदात मिटले पाहिजे. चार सेकंद लागत असतील, तर आतले जुने तेल चिकट झाले आहे. अशा वेळी प्रत्येक मराठी घरातून एकच सल्ला येतो : शिवणयंत्राचे तेल सोड. सोडू नका. शटरच्या पात्यांना तेल नको असते. ती कोरडी आणि स्वच्छ हवीत. मळ धुऊन काढणे हे ज्याला येते, त्याच्याकडून करून घ्यावे.

शटरवर एक लहानशी जादा खिट्टी असू शकते, स्वतःचाच फोटो काढण्यासाठी. तिला हात लावू नका. ती पुष्कळदा अर्ध्यावर अडकते आणि जाताना सगळे शटर घेऊन जाते.

पायरी सहावी : रेंजफाइंडर

एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट उड्या मारेल. जवळ असेल तर मोठी उडी, लांब असेल तर छोटी. रेंजफाइंडरचे गणित एवढेच. कॅमेऱ्याला दोन खिडक्या असतात. त्यांतून दिसणारी दोन चित्रे फाइंडरच्या मधल्या ठिपक्यात एकमेकांवर पडतात. चाक फिरवत राहा. दोन नाके एक झाली, की चकतीवर अंतर वाचा.

ठिपका फिकट दिसत असेल, तर आतला आरसा पुसण्याचा मोह होतो. हा आरसा अर्धपारदर्शक असतो. त्याच्यावर चांदीसारखा अगदी विरळ मुलामा असतो आणि जुना झाला की तो काचेला जेमतेम धरून असतो. मी आईच्या चष्म्याचे मऊ फडके घेऊन एकच हात फिरवला. आरसा लख्ख झाला, इतका की त्याची साधी काच झाली. नवा तुकडा मिळेपर्यंत दोन महिने गेले.

पायरी सातवी : रोल

१२० चा रोल कोडॅकने १९०१ साली आणला आणि तो आजही मिळतो. त्याला डबी नसते. फिल्मच्या पाठीला काळा कागद असतो आणि कागदावर आकडे. पाठीमागच्या तांबड्या खिडकीतून ते आकडे बघत रोल पुढे न्यायचा. खिडकी तांबडी, कारण तेव्हाच्या फिल्मला तांबडे दिसतच नसे. आताच्या फिल्मला दिसते. म्हणून उन्हात उभे राहून खिडकीत डोकावू नका. कॅमेऱ्यावर स्वतःची सावली पाडून रोल फिरवा.

आधी भाता उघडा, मग रोल पुढे न्या. भाता झटक्याने उघडला तर आत हवा ओढली जाते आणि फिल्म जागची उचलली जाऊ शकते. झाकणाला हाताचा आधार देत, जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा उघडावा तसे सावकाश उघडा.

पायरी आठवी : फोटो

क्रम पाठ करा. उघडा. रोल पुढे न्या. उजेडाचा अंदाज घ्या : १०० चा रोल आणि लख्ख ऊन असेल तर एफ १६ आणि शतांश सेकंद, मोकळी सावली असेल तर वेग तोच, एफ ५.६. शटरची खिट्टी ओढा. रेंजफाइंडरने अंतर मोजा. चकतीवर वाचा. लेन्सवर उतरवा. चौकट धरा. दाबा.

यातले "लेन्सवर उतरवा" सोडून सगळे तुम्हाला आठवते. चकतीवरचा आकडा वाचला, की काम झाल्यासारखे वाटते. पंधरा दिवस घालवून ग्रीस काढले, गच्चीवर अनंत शोधला, नवा आरसा बसवला. या यंत्रात आता एकच सुटा भाग उरलाय, जो कोणाला साफ करता येत नाही. तो कॅमेऱ्याच्या मागे उभा असतो.

पहिल्या रोलचा आठवा फोटो मी तुळशीच्या कुंडीचा काढला, पाच फुटांवरून. नवव्यासाठी आईला गॅलरीच्या टोकाला उभे केले.

"झालं का रे?"

"थांब. आठ फूट."

"कोण आठ फूट?"

"तू. म्हणजे अंतर. हलू नकोस."

मी चकती वाचली. मग ॲपर्चर बघितले. मग खिट्टी ओढली आहे की नाही ते बघितले. मग पुन्हा ॲपर्चर बघितले. आईचे ठेवणीतले हसू एव्हाना उतरले होते. मी फाइंडरला डोळा लावला, तर ती चौकटीत मोठी मोठी होत सरळ माझ्याकडेच येत होती. समोर येऊन थांबली, हात पुढे केला आणि म्हणाली, "चहाचं आधण निम्मं आटलं." दचकून माझे बोट दाबले गेले. कॅमेरा खाली घेतला तेव्हा दिसले, लेन्सवरची खूण अजून कुंडीच्या पाचावरच होती.

पायरी नववी : धुलाई आणि निकाल

फिल्म घरी धुता येते. डेव्हलपर २० अंशांवर हवा. उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून गरम असते, तेव्हा भांड्याभोवती बर्फ लागतो. अंधारात फिल्म रिळावर चढवण्याचा सराव आधी एका वाया घालवायच्या रोलवर, उजेडात, डोळे उघडे ठेवून करावा. तो रोल वाया गेल्याचे वाईट वाटेल. नंतर वाटणार नाही. तुलनेला पुढचे रोल असतील.

माझा पहिला रोल असा निघाला : दोन फोटोंवर फराटे, एक पूर्ण काळा, तीन हललेले. पाच फोटोंत माणसे धूसर आणि मागच्या भिंतीचा गिलावा कणाकणाने स्पष्ट. नववा मात्र असा, की चष्म्याच्या दांडीवरचा झिजलेला सोनेरी रंगही दिसतो. आईचे तोंड अर्धवट उघडे आहे, "आधण" मधला "आ" चालू आहे आणि पुढे केलेला हात धूसर झालाय, कारण तो पाच फुटांच्या अलीकडे आहे. निरोप मी पोचवलाच नव्हता. लेन्स जिथे बघत होती, तिथे आई आपली आपण चालत आली.

दुसऱ्या रोलसाठी सूचना : माणसाला उभे करून ताटकळत ठेवू नये. लेन्स पाच फुटांवर लावून ठेवावी आणि गॅसवर आधण ठेवावे.