बंदोबस्तराव

दर सोसायटीत एक बंदोबस्तराव असतोच. त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर. दाराला तीन कड्या, दुधाच्या पिशवीला हूक, पायपुसण्याला साखळी. चोरीचं कलम 379 होतं ते जुलै 2024 पासून 303 झालं, हे वॉचमनला त्यांनीच सांगितलं. वॉचमनने ते झोपेतच ऐकून घेतलं.

आमच्या बंदोबस्तरावांकडे नव्वदच्या दशकातली शंभर सीसीची, किकवाली मोटारसायकल आहे. इतकी वर्षं वापरून तिच्या किल्लीचे दात पार झिजलेत. एकदा ते मंडईतून भाजी घेऊन आले आणि डिकी उघडली, तर आत दुसऱ्याच कुणाची मेथी! गाडीही दुसऱ्याचीच होती. रंग तोच, किल्ली यांचीच आणि ती बिनतक्रार लागलेली. माघारी जाऊन त्यांनी गाडी परत केली, मालकाच्या चार शिव्या खाल्ल्या. दुसरा कुणी असता तर नंबरप्लेट वाचायला शिकला असता. हे घरी आले ते निष्कर्ष घेऊनच. "माझ्यासारख्या सज्जनाला जे नकळत जमलं, ते चोराला ठरवून जमणार नाही?"

त्याच आठवड्यात ते गाडीला अलार्म बसवायला नाना पेठेत गेले. पुण्यात दुचाकीचं काहीही हवं असेल तर माणूस तिथंच जातो. आरशापासून सायलेन्सरपर्यंत सगळं टांगलेलंच असतं. मला सोबत नेलं होतं, साक्षीदार म्हणून. अलार्मच्या खोक्यात एक काळी डबी, एक भोंगा, दोन रिमोट आणि वायरींचा गुंता निघाला. खोक्यावर छापलं होतं 125 डेसिबल. ते वाचून बंदोबस्तरावांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मुलीच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

वायरिंगवाल्या पोराने साइड पॅनेल काढलं. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, दोन इंडिकेटरला, एक स्विचला. वायरी पिळून वर टेप गुंडाळायला लागला, तर हे म्हणाले, "डाग दे." डाग दिल्यावर म्हणाले, "फ्यूज कुठाय?" फ्यूजचा हट्ट रास्तच होता, कारण थेट बॅटरीवर घेतलेली वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर आधी धूर निघतो आणि भोंगा वाजायचा राहून जातो. पण त्यानंतर त्यांची नजर डबीवरच्या बारक्या स्क्रूवर गेली. धक्का किती लागला की वाजायचं, ते त्या स्क्रूवर ठरतं.

"काका, एवढं नका फिरवू. मांजर बसलं तरी वाजंल."

"वाजू दे. मांजराला गाडीवर काय काम?"

झालं. पहाटेची घंटागाडी, वळवाचा गडगडाट, तिसऱ्या मजल्यावरून पडलेली उशी, सगळ्यांची नोंद होऊ लागली. दिवाळीत तर एका सुतळी बॉम्बला एक, असा हिशेब चालला होता. भोंग्याचे सहा सूर आहेत आणि सोसायटीतली पोरं ते ओळीने म्हणून दाखवतात. एका शोकसभेत दोन मिनिटांच्या शांततेला उभं राहताना खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं गेलं आणि दिवंगतांना बाहेरून सहाही सुरांत मानवंदना मिळाली.

सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम वाचून दाखवले: रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा, मर्यादा 45 डेसिबल. बंदोबस्तराव शांतपणे उठले. "45 डेसिबलला चोर पळतो का, तेवढं सांगा." कुणालाच सांगता आलं नाही.

अलार्म रात्रंदिवस जागा असतो, म्हणजे बॅटरीही रात्रंदिवस पीत असतो. जुन्या किकच्या गाडीची बॅटरी अडीच अँपिअर-अवरची. डबीने दहाच मिलिअँपिअर ओढले तरी गाडी नुसती उभी राहून दहा-अकरा दिवसांत बॅटरी ठणठणीत कोरडी. बंदोबस्तराव लेकीकडे नाशिकला गेले की आमच्याकडे शांतता नांदते ती यामुळेच. आणि खरी गंमत पुढे आहे. या गाडीत प्लगला जाणारा करंट बॅटरीतून येतच नाही, तो मॅग्नेटच्या कॉइलमधून येतो. म्हणजे बॅटरी मेली की भोंगा मुका, पण गाडी एका किकला चालू! मालक गावाला आणि अलार्म गप्प, चोराची एवढी सोय दुसरं कोण करेल? हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "तुम्हाला हे इतकं बारकाईने कसं माहीत?" तेव्हापासून मी पार्किंगमध्ये दिसलो की ते गॅलरीत येतात.

मला विचाराल तर त्यांना चोर नकोच आहे, भोंगाच हवा आहे. तो वाजला की बनियनवर, हातात टॉर्च घेऊन ते खाली उतरतात, गाडीभोवती एक फेरी मारतात, वॉचमनची उलटतपासणी घेतात आणि वर बघून सगळ्या खिडक्यांना उद्देशून "काही नाही, झोपा" म्हणतात. निवृत्त माणसाला झोपा म्हणून सांगायला एवढी माणसं दुसरीकडे कुठं मिळणार? सुरुवातीला खिडक्या उघडायच्याही. आता कुणी कूससुद्धा बदलत नाही.

मागच्या महिन्यात पहाटे भोंगा वाजला, बराच वेळ वाजला आणि थांबला. त्या दिवशी पाय मुरगळला होता म्हणून बंदोबस्तरावही उतरले नाहीत. सकाळी सेक्रेटरींच्या मुलाची नवी गिअरची सायकल गायब. ती या गाडीलाच टेकवून ठेवलेली होती. चोराने ती ओढली तेव्हाच भोंगा ओरडला असणार. सगळे हळहळत असताना बंदोबस्तराव लंगडत आले, गाडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पाहिलंत? हिला हात लावायची छाती झाली नाही त्याची."

तुम्ही अलार्म बसवणार असाल तर खुशाल बसवा. फक्त फ्यूज घाला, तो स्क्रू वायरिंगवाल्याला लावू द्या आणि गाडी लावल्यावर हँडल लॉक करा. आमच्या बंदोबस्तरावांनी अलार्म बसवल्यापासून ते केलेलं नाही.